जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा निवडताना: मॉडेलची तुलना आणि नगाची पारख

जुना कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा घ्यायचे ठरवले तेव्हा माझ्या गरजा मोजक्या पण पक्क्या होत्या. संध्याकाळी घरातल्या दिव्यांच्या उजेडात फ्लॅश न वापरता माणसांचे फोटो काढता यावेत, शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र, माझे मला ठरवता यावे, कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या जेपेगसोबत रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइलही मिळावी आणि कॅमेरा रोज जवळ बाळगण्याइतका लहान असावा. फोनने यातले बरेच काही साधते, परंतु आजच्या फोनमधला फोटो बहुधा एकापाठोपाठ घेतलेल्या अनेक फ्रेम एकत्र करून तयार होतो आणि त्वचेचा पोत किती राखायचा, सावल्या किती उजळायच्या, याचे निर्णय आपल्या आधीच झालेले असतात. ते निर्णय मला स्वतः घ्यायचे होते.

निवडीला वाव प्रचंड होता. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० या एका वर्षात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले आणि त्यांतले बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. मात्र रॉ फाइल, हाताने करण्याची सर्व नियंत्रणे आणि कमी उजेडात तग धरणारी लेन्स या तिन्ही गोष्टी एकत्र मागितल्या की यादी झपाट्याने आखडते आणि साधारण २००८ ते २०१२ या काळातल्या काही मोजक्या मॉडेलांवर येऊन थांबते. माझ्या वहीत उरलेली नावे अशी होती: कॅनन पॉवरशॉट जी१०, जी११ आणि जी१२, त्याच कंपनीचे खिशात मावणारे एस९० आणि एस९५, पॅनासोनिक ल्युमिक्स एलएक्स३ आणि एलएक्स५, आणि ऑलिंपस एक्सझेड-१. रिको जीआर डिजिटल मालिकेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तिला झूम नाही आणि २८ मि.मी.च्या (फिल्म कॅमेऱ्याच्या तोडीचे माप; आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद) रुंद दृष्टिकोनातून मला हवे तसे चेहरे टिपता आले नसते, म्हणून ती बाजूला ठेवली.

मेगापिक्सेलचा आकडा मी सर्वांत आधी विचारातून काढला आणि त्यासाठी मला पुरावा याच यादीत सापडला. २००८ च्या जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते, तर तिची जागा घेणाऱ्या २००९ च्या जी११ मध्ये ते १० वर आणले गेले. सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा आकार दोन्हींत जवळजवळ तोच होता. दरवर्षी मोठा आकडा छापण्याची चढाओढ चालू असताना एखाद्या कंपनीने आपल्या अग्रभागी असलेल्या मॉडेलचा आकडा एक तृतीयांशाने कमी करावा, याला मी फार महत्त्व देतो. इतक्या लहान सेन्सरवर पिक्सेल दाटीने बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि अंधुक उजेडात दाणेदारपणा वाढतो. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. भर उन्हात, सर्वांत कमी आयएसओवर (प्रकाशाला दिलेल्या संवेदनशीलतेवर), जी१० च्या फाइलमधला बारकावा आजही पाहत राहावा असा आहे, आणि ज्याला डोंगर, इमारती, झाडे एवढेच टिपायचे आहे त्याने तिला नाकारण्याचे कारण नाही.

सेन्सरच्या आकाराबाबत कागदावरची भाषा फसवी असते. १/१.७ इंच हे माप म्हणजे सेन्सरची खरी लांबी किंवा कर्ण नव्हे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचनळ्यांच्या मापांवरून ही पद्धत चालत आली आहे. प्रत्यक्षात हा सेन्सर सुमारे ७.६ बाय ५.७ मि.मी. असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ४३ चौरस मि.मी.च्या आसपास भरते. सामान्य कॉम्पॅक्टमधला १/२.५ इंची सेन्सर जेमतेम २५ चौरस मि.मी.चा असतो. अपूर्णांकांऐवजी चौरस मि.मी. लिहून तुलना केली की कोणता कॅमेरा कोणाच्या पंक्तीला बसतो ते लगेच दिसते.

खरा निकाल लावला तो लेन्सने, आणि इथे मी बराच वेळ घालवला. जाहिरातीत सर्वसाधारणपणे रुंद बाजूचे अ‍ॅपर्चर ठळकपणे सांगितले जाते. एस९५ एफ/२.०, एलएक्स५ एफ/२.०, एक्सझेड-१ एफ/१.८ (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). या आकड्यांवरून तिघेही सारखेच वाटतात. परंतु माणसाचा चेहरा जवळून टिपायचा तर रुंद बाजू कामाची नाही, कारण त्यासाठी फार जवळ जावे लागते आणि नाक मोठे, कान मागे गेलेले दिसतात. चेहऱ्यासाठी ८० ते १०० मि.मी.च्या तोडीचा झूम लागतो, आणि तिथे पोहोचल्यावर अ‍ॅपर्चर किती उरते हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एस९५ तिथे एफ/४.९ वर येतो. एलएक्स५ ९० मि.मी.ला एफ/३.३ वर थांबतो. एक्सझेड-१ ११२ मि.मी.लाही एफ/२.५ राखतो. प्रकाशाचे प्रमाण या आकड्यांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्या हिशेबाने झूमच्या टोकाला एलएक्स५ मध्ये एस९५ च्या दुपटीहून अधिक आणि एक्सझेड-१ मध्ये जवळजवळ चौपट प्रकाश येतो. एलएक्स३ ची लेन्स एफ/२.८ राखते खरी, पण ती ६० मि.मी.लाच संपते.

याच हिशेबाने २०१२ चा सोनी आरएक्स१०० देखील मी तपासला, कारण त्याचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मि.मी.चा, म्हणजे पावणेतीनपट क्षेत्रफळाचा आहे. रुंद बाजूला त्याच्यापुढे यादीतले कोणी टिकत नाही. पण झूमच्या टोकाला त्याचेही अ‍ॅपर्चर एफ/४.९ होते आणि सेन्सरने मिळवून दिलेला फायदा बराचसा तिथेच खर्ची पडतो. माझे काम त्याच टोकाला असल्यामुळे मी त्याचा आग्रह सोडला. घराबाहेर रुंद दृश्ये टिपणाऱ्याने हा निर्णय उलटा घ्यावा असे मी सांगेन.

एफ/२ हा आकडा पाहून मागचे दृश्य धूसर होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. एलएक्स५ च्या लेन्सची प्रत्यक्ष फोकल लांबी ५.१ मि.मी. पासून सुरू होते, म्हणजे एफ/२ ला तिचे छिद्र अवघे अडीच मि.मी.चे असते. प्रकाशाच्या दृष्टीने ते एफ/२ असले तरी फोकसच्या खोलीच्या दृष्टीने पूर्ण फ्रेमच्या (३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावरील एफ/९.५ च्या जवळचे आहे. चेहऱ्यामागची भिंत, तिच्यावरचे कॅलेंडर, सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येते. मला ते चालणार होते. उलट घरातल्या वस्तूंसह माणूस दिसावा हीच माझी इच्छा होती.

कागदी हिशेब झाल्यावर मी त्या काळच्या परीक्षणांसोबत उपलब्ध असलेल्या मूळ रॉ फाइल मिळवल्या आणि एकाच सॉफ्टवेअरमध्ये, धार वाढवण्याची आणि दाणे पुसण्याची सगळी साधने बंद ठेवून उघडल्या. कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगवरून तुलना केली तर आपण सेन्सर आणि लेन्स यांची तुलना करत नसून त्या त्या कंपनीच्या आवडीनिवडींची तुलना करत असतो. शिवाय सर्व फाइल १० मेगापिक्सेलच्या एकाच मापात आणल्यावरच त्या शेजारी ठेवल्या, कारण शंभर टक्के मोठे करून पाहिले की जास्त पिक्सेलचा कॅमेरा विनाकारण वाईट दिसतो. आयएसओ ४०० पर्यंत या सर्वांमध्ये फरक शोधावा लागतो. आयएसओ ८०० ला सावल्यांमध्ये रंगीत ठिपके दिसू लागतात आणि १६०० ला केस आणि विणलेले कापड यांचे तपशील विरघळतात, हे थोड्याफार फरकाने सर्वांनाच लागू आहे. म्हणजे आयएसओ वाढवून काम भागणार नव्हते आणि लेन्समधून येणारा प्रकाशच निर्णायक ठरणार होता, हे माझे अनुमान या फाइलींनी पक्के केले.

याच टप्प्यावर सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या रंगांची परीक्षा घेतली. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांचे रंग वेगळेच असतात, त्वचा अधिक जिवंत दिसते, असे हल्ली फार आवर्जून सांगितले जाते. सीसीडीचा शोध १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावला आणि त्यासाठी २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तंत्राचे मोल वादातीत आहे. परंतु सीसीडी असो वा नंतर रूढ झालेला सीमॉस सेन्सर, दोन्हींतले सिलिकॉन फक्त प्रकाशाचे प्रमाण मोजते. रंग येतो तो पिक्सेलवर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून आणि नंतरच्या गणितातून. एलएक्स५ सीसीडीचा आणि त्यानंतरचा एलएक्स७ सीमॉसचा. दोघांच्या रॉ फाइली एकाच पद्धतीने, पांढरा रंग एकाच बिंदूवर जुळवून पाहिल्या, तेव्हा जेपेगमध्ये ठळक वाटणारा रंगांचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. सीसीडीची एक खरी ओळख मात्र वेगळीच आहे. चौकटीत उघडा दिवा आला की पडद्यावर आणि व्हिडिओमध्ये त्या दिव्यातून वरपासून खालपर्यंत एक उजळ उभी रेघ ओढली जाते. फोटोत यांत्रिक शटर बंद होत असल्यामुळे ती सहसा उमटत नाही, तेव्हा नग तपासताना ही रेघ पाहून कॅमेरा बिघडला आहे असे समजू नये.

कार्ड आणि बॅटरी हे विषय रुक्ष आहेत, तरी त्यांनी एक लाडके नाव माझ्याकडून काढून घेतले. २००६ चा फुजीफिल्म फाइनपिक्स एफ३० आयएसओ ८०० ला त्याच्या काळाच्या पुष्कळ पुढे होता; अवघे ६.३ मेगापिक्सेल आणि त्यामानाने मोठा सेन्सर, अशी त्याची रचना होती. रॉ फाइल देत नसतानाही मी तो बराच काळ विचारात ठेवला होता. पण तो एक्सडी नावाचे मेमरी कार्ड वापरतो. ही कार्डे २ जीबीच्या पुढे गेली नाहीत आणि त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. कार्ड खराब झाले की कॅमेरा चालू असूनही निकामी. एसडी कार्डाच्या कॅमेऱ्यांतही पाहावे लागते, कारण केवळ मूळ एसडी प्रकार ओळखणारे जुने कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे एसडीएचसी कार्ड वाचत नाहीत. २००२ ते २००४ च्या सुमाराचे कॅमेरे मी वेगळ्याच कारणाने पूर्णपणे टाळले. त्या काळातल्या अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत असे सीसीडी बसवले गेले होते की ज्यांच्या आतल्या सूक्ष्म तारांचे जोड उष्णता आणि दमटपणामुळे सुटत. २००५ मध्ये याबद्दल कंपन्यांनी जाहीर सूचना काढल्या होत्या. अशा कॅमेऱ्याचा पडदा काळा पडतो किंवा चित्र जांभळट आणि रेघाळलेले दिसते, आणि आता त्याला सुटा भाग मिळत नाही.

इथपर्यंत तुलना मॉडेलांची होती आणि कागदावर एक्सझेड-१ पहिला, एलएक्स५ दुसरा आणि एस९५ तिसरा असा क्रम लागला होता. प्रत्यक्ष नग हातात घ्यायला लागल्यावर हा क्रम मागे पडला. कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेले दोन कॅमेरे दहा-पंधरा वर्षांनी एकसारखे राहत नाहीत. एक कपाटात पडून राहिलेला असतो, एक समुद्रकिनारी फिरलेला असतो, एक केव्हातरी हातातून निसटलेला असतो. दोन मॉडेलांमधला जो फरक मी वहीत इतक्या काळजीने मांडला होता, त्याहून मोठा फरक एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये दिसू शकतो, हे मला या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचे वाटले. तेव्हापासून मी मॉडेलचे नाव दुय्यम मानले आणि नगाची तपासणी मुख्य केली.

लेन्सची तपासणी मी अशी करत असे. बारीक अक्षरांचा छापील कागद भिंतीवर सपाट चिकटवायचा, कॅमेरा तिपाईवर त्याच्या बरोबर समोर, भिंतीला समांतर ठेवायचा, झूम सर्वांत रुंद आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्यायचा आणि नंतर चारही कोपरे मोठे करून पाहायचे. कोपरे मध्यभागापेक्षा मऊ येणारच. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सच्या रचनेचा भाग आहे. पण एकच कोपरा किंवा एकच बाजू विस्कटलेली असेल, तर आतली एखादी काच आपल्या जागेवरून सरकलेली आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे केव्हातरी बसलेला धक्का असतो. यादीतल्या एका मॉडेलचा अगदी नव्यासारखा, ओरखडाही नसलेला नग मी असा तपासला. डावीकडच्या दोन्ही कोपऱ्यांत अक्षरे नीट वाचता येत होती आणि उजवीकडे खाली मात्र प्रत्येक अक्षराला एका बाजूने सावलीसारखी पुसट कड आलेली होती, इतकी की ओळीतल्या काना-मात्रा एकमेकांत मिसळल्या होत्या. झूम बदलून पाहिला तर दोष वरच्या कोपऱ्यात सरकला. पुन्हा समांतर लावून, कागद उलटा करून घेतलेल्या फोटोतही तेच दिसले, म्हणून दोष माझ्या मांडणीचा नाही याची खात्री झाली. त्याच मॉडेलचा दुसरा नग कडांवर रंग उडालेला होता, पण त्याचे चारही कोपरे एकसारखे होते. बाहेरचे रूप आणि आतली काच यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मी त्यानंतर प्रत्येक वेळी लक्षात ठेवले.

धुळीची परीक्षा याच्या उलट पद्धतीने होते. बाहेर येणारी आणि आत जाणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते आणि तिच्याबरोबर आलेले कण सेन्सरवर बसतात. कॅमेरा उघडल्याशिवाय ते काढता येत नाहीत. अ‍ॅपर्चर उघडे असताना हे डाग दिसतच नाहीत. त्यामुळे अ‍ॅपर्चर सर्वांत लहान, म्हणजे या वर्गात बहुधा एफ/८, झूम सर्वांत लांबच्या टोकाला, आणि समोर एकसारखा उजळलेला पांढरा पृष्ठभाग मुद्दाम फोकसबाहेर ठेवून फोटो घ्यावा. करड्या, गोलसर डागांची जागा दोन फोटोंत तीच राहिली तर ती धूळ समजावी. बिघडलेले पिक्सेल शोधण्यासाठी लेन्स हाताने झाकून अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजर मी पुरेसे मानले, कारण त्याहून मोठ्या एक्स्पोजरला अनेक कॅमेरे स्वतःहून दुसरी काळी फ्रेम घेतात आणि हे ठिपके वजा करून टाकतात. थोडेसे ठिपके आयएसओ ८०० ला दिसले तर मी ते चालवून घेत असे. कमी आयएसओवरही दिसणारे ठिपके मात्र नकोत.

त्यानंतर कान आणि बोटे. कॅमेरा चालू केल्यावर लेन्स एकाच लयीत बाहेर यायला हवी; मध्येच अडखळून पुढे गेली किंवा करकर आवाज आला, तर नळीत वाळूचा कण असू शकतो आणि लेन्स अडकून कॅमेरा कायमचा बंद पडण्याची ती पूर्वसूचना असते. ही क्रिया मी कॅमेरा सरळ, खाली आणि वर रोखून, तिन्ही स्थितींत करून पाहत असे. मागचे फिरते चाक सावकाश एकेक पाऊल फिरवले तर आकडा एकेकच बदलायला हवा. झिजलेल्या चाकात तो उडी मारतो किंवा मागे जातो, आणि हाताने नियंत्रण करणाऱ्याला हा दोष दररोज छळतो. बॅटरीच्या कप्प्याची कडी, तिथल्या पट्ट्यांवरचा हिरवट थर, फुगल्यामुळे कप्प्यातून बाहेर न निघणारी बॅटरी, फ्लॅश, हे सर्व पाहायला फार वेळ लागत नाही. विक्रेते पुष्कळदा फाइलचा क्रमांक दाखवून कॅमेरा किती कमी वापरला आहे ते सांगतात. त्यावर मी विसंबलो नाही, कारण मेनूतून तो क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचे कार्ड घातले तर तिथल्या क्रमांकावरून पुढेही जाऊ शकतो.

हाताळण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथे प्रत्येकाची पसंती वेगळी असणार. एस९५ च्या लेन्सभोवतीचे फिरणारे कडे मला यादीतल्या सर्व कॅमेऱ्यांत सर्वाधिक सुखकर वाटले, आणि एस९० सोडला तर खिशात खरोखर मावणारा तोच एक होता. जी११ आणि जी१२ ची वर असलेली एक्स्पोजर भरपाईची (फोटो अधिक उजळ वा गडद करण्याची) चकती आणि बाहेर वळणारा पडदा उत्तम आहेत. त्यांचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर मात्र पूर्ण चौकट दाखवत नाही, आणि आकारामुळे ते पिशवीतच ठेवावे लागतात. एलएक्स५ ची लेन्स बंद असतानाही पुढे आलेली राहते आणि तिचे झाकण हाताने काढावे लागते. त्याची चौकटीचे प्रमाण बदलणारी पट्टी लेन्सवरच आहे, आणि ४:३ वरून ३:२ किंवा १६:९ वर गेल्यास वरखालचा भाग कापला जातो त्याबरोबर रुंदी वाढते, कारण सेन्सर लेन्सच्या प्रतिमावर्तुळापेक्षा, म्हणजे लेन्स पाडते त्या गोल प्रतिमेपेक्षा, मुद्दाम थोडा मोठा ठेवला आहे. एकत्र बसलेल्या माणसांचा फोटो घेताना ही वाढीव रुंदी उपयोगी पडते.

शेवटी एलएक्स५ घेतला. एक्सझेड-१ कागदावर पुढे होता, पण घेण्यापूर्वी वरील सगळ्या परीक्षा करून पाहता येतील असा त्याचा नग मला मिळाला नाही, आणि न तपासलेला पहिल्या क्रमांकाचा कॅमेरा घेण्यापेक्षा तपासलेला दुसऱ्या क्रमांकाचा घेणे मला योग्य वाटले. घेतलेल्या नगाच्या तळाला खरचटलेले आहे आणि पकडीवरचे रबर गुळगुळीत झाले आहे. चारही कोपरे मात्र एकसारखे, एफ/८ ला पांढरा पृष्ठभाग स्वच्छ आणि चाक प्रत्येक पावलाला बरोबर एक आकडा बदलणारे होते.

तपासताना एकच गोष्ट खटकली होती, ती म्हणजे बॅटरी काढली की तारीख पुसली जात होती. तारीख राखणारा लहान अंतर्गत सेल मुख्य बॅटरीवरच भरतो आणि दीर्घकाळ पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात तो रिकामा झालेला असतो. चार्ज केलेली बॅटरी आत घालून कॅमेरा २४ तास तसाच ठेवला, त्यानंतर बॅटरी काढून पुन्हा घातली, तेव्हा तारीख आणि वेळ टिकून होती. जुनी बॅटरी लवकर उतरत असल्यामुळे दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. काही कॅमेरे मूळ कंपनीची नसलेली बॅटरी ओळखून चालूच होत नाहीत, म्हणून त्या या कॅमेऱ्यात घालून पाहिल्यावरच घेतल्या. आयएसओची कमाल मर्यादा ४०० वर बांधली आहे, रॉ आणि जेपेग दोन्ही साठवतो, आणि घरातले चेहरे झूमच्या टोकाला एफ/३.३ वर, शटर १/३० सेकंदापर्यंत खाली नेऊन, कोपर टेबलावर टेकवून टिपतो.